बाण का पळतो?

माउस टेबलावर दोन इंच सावकाश सरकवा, मग तेवढाच झटक्यात. लिनक्सवर दुसऱ्या वेळी बाण बहुधा जास्त लांब जातो. ही करामत ‘लिबइनपुट’ या सॉफ्टवेअरची: हात वेगात फिरला की ते बाणाचं अंतर वाढवून देतं. या पद्धतीचं नाव ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’. ‘फ्लॅट’ निवडली की हाताच्या वेगाचा परिणाम संपतो. नेमबाजीचे गेम खेळणारे बरेच जण तीच पसंत करतात, आणि योग्यच करतात. लिबइनपुटमधली वेगाची पट्टी उणे 1 ते अधिक 1, मधोमध शून्य.

प्रतिसाद ही मात्र वेगळी भानगड. साधा यूएसबी माउस सेकंदाला साधारण 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी खबर देतो. गेमिंगचा 1000 वेळा. बाण अडखळत असेल तर वेगाची पट्टी ओढून काही होत नाही.

ग्नोम डेस्कटॉप वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ‘माउस अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून, म्हणजेच ‘फ्लॅट’ निवडून, आठवडाभर पाहा.