पुश होत नाहीये? दादागिरी नको!

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसहा. कॅनॉटला चहा, मग पिक्चर असा झकास प्लॅन ठरलेला. मावसभावाला उचलायला मी सिडकोतल्या त्याच्या खोलीवर पोहोचले, तर हा पठ्ठ्या लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला. स्क्रीनवर लाल अक्षरात एकच शब्द ठळक दिसत होता, 'रिजेक्टेड'.

"कुणी केलं रे रिजेक्ट?" मी खट्याळपणे विचारलं.

"ताई, मस्करी नको. कोड पुश होईना. चार वेळा केलं."

प्रकरण सीरियस होतं. साहेब पुण्याच्या एका कंपनीत नवे नवे चिकटलेले, काम संभाजीनगरातून घरबसल्या. नोकरीचा तिसरा आठवडा, प्रोबेशन चालू. टीमच्या सामायिक रिपॉझिटरीत पहिलंवहिलं मोठं काम आज सातपर्यंत जमा करायचं होतं, कारण सोमवारी सकाळी क्लायंटला डेमो. आणि ते जमाच होत नव्हतं!

मी मास कॉमवाली. 'रेपो' म्हटलं की मला रिझर्व्ह बँक आठवते. त्यामुळे मी गप्प खुर्चीत बसले. तेवढ्यात त्याचा चेहरा खुलला. इंटरनेटवर उत्तर सापडलं होतं. कमांडच्या शेवटी एक शब्द जोडायचा, 'फोर्स'. बोट एंटरवर गेलं, तेव्हा मी सहज विचारलं, "फोर्स म्हणजे काय होतं रे?"

"म्हणजे... समोर जे आहे ते बाजूला सारून माझं बसवायचं."

"समोर काय आहे?"

बोट थांबलं. हे त्याने बघितलंच नव्हतं.

जर्नलची गोष्ट

मग त्याने मला माझ्या भाषेत समजावलं. समजा, चौघांची मिळून एकच सबमिशनची जर्नल आहे. ती सरांच्या कपाटात. प्रत्येकाने झेरॉक्स घरी नेली आणि आपापली पानं लिहिली. दुपारी एकीने येऊन तिची नवी पानं जर्नलला लावली. संध्याकाळी तू कालची झेरॉक्स घेऊन आलास. सर म्हणणार, "बाबा रे, तुझी प्रत शिळी आहे. आधी तिची पानं घे, त्यात तुझी जोड, मग ये." त्या लाल अक्षरांत नेमकं हेच लिहिलेलं होतं. सामायिक रिपॉझिटरीत असं काही काम आहे, जे तुझ्या मशीनवर नाही. खाली पिवळ्या अक्षरात उपायसुद्धा होता. पण 'रिजेक्टेड' वाचून याने पुढचं वाचणंच सोडलं होतं. आपण सगळे हेच करतो, नाही का?

गिटचा फंडाच असा आहे. लिनस टोरवाल्ड्स या लिनक्सच्या जनकाने ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं, कारण लिनक्सवाले तोवर वापरत असलेल्या बिटकीपर या सॉफ्टवेअरची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली. जगभर विखुरलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी एकाच कोडवर काम करायचं आणि कुणाचं काम कुणाच्या पायाखाली जाऊ द्यायचं नाही, ही त्यामागची गरज. म्हणून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहासासकट प्रत असते. 'कमिट' केलं की काम आपल्या मशीनवर नोंदलं जातं. 'पुश' केलं की ते सगळ्यांच्या ठिकाणी जातं. म्हणजे पुश अडला तरी कमिट केलेलं काम कुठे गेलेलं नसतं. हे कळल्यावर भावाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाणी प्यायलं!

एक फोन

त्याने आधी समोरचं काम नुसतं मागवून पाहिलं, म्हणजे 'फेच' केलं. टीममधल्या एका सीनियर मॅडमनी दुपारी तीन कमिट टाकले होते. बिलावरच्या टॅक्सच्या राउंडिंगची चूक त्यांनी दुरुस्त केली होती. फोर्स मारला असता, तर ती दुरुस्ती सामायिक ब्रँचवरून गायब. त्यांच्या लॅपटॉपवर राहिली असती, हो, पण कळलं कधी असतं? सोमवारी, क्लायंटसमोर!

मग मॅडमचं काम आपल्यात घेताना नवं लफडं. 'कॉन्फ्लिक्ट'. दोघांनी एकच ओळ बदललेली. मॅडमनी टॅक्स नीट केलेला, याने तिथेच डिस्काउंट घातलेला. गिट अशा वेळी स्वतः ठरवत नाही. दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि म्हणतं, तुम्हीच काय ते बघा.

"त्यांना फोन कर," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? तीन आठवडे झालेत मला. म्हणतील, एवढंही येत नाही."

इथे मला खरी गोम कळली. कमांड त्याला येत होत्या, विचारायची लाज वाटत होती. ऑफिसात बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाला सहज विचारता येतं. इथे खोलीत एकट्याने बसलेल्या पोराला फोनसुद्धा परीक्षेसारखा वाटतो. आणि मग 'फोर्स' सोपा वाटतो.

शेवटी लावला फोन. मॅडम घरी जायच्या गडबडीत होत्या. दोन मिनिटांत म्हणाल्या, "आधी डिस्काउंट, मग टॅक्स. आणि विचारलंस ते बरं केलंस." सात वाजून दहा मिनिटांनी पुश झाला. पिक्चर हुकला, पण कॅनॉटचा चहा मिळाला. बिल त्याने दिलं!

मोठ्यांचंही होतं

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही, बरं का! जेनकिन्स हे जगभरच्या कंपन्या वापरतात ते ओपन सोर्स टूल. नोव्हेंबर २०१३ मध्ये या प्रकल्पातल्या एका डेव्हलपरच्या हातून चुकून फोर्स पुश झाला आणि दीडशेहून अधिक रिपॉझिटरीज जुन्या अवस्थेत गेल्या. गिटहबची मदत घेऊन त्या पुन्हा जागेवर आणाव्या लागल्या. म्हणूनच शहाण्या टीम मुख्य ब्रँचवर फोर्स पुश बंदच करून ठेवतात. भावाच्या टीमची मुख्य ब्रँच तशी होती. तो ज्या ब्रँचवर काम करत होता, ती मात्र सताड उघडी.

पुश अडलाय? हे तपासा

चहा पिता पिता त्याच्याकडून वदवून घेतलेली यादी. कापून डेस्कवर लावा!

• आधी 'गिट स्टेटस' बघा. 'एव्हरीथिंग अप-टू-डेट' असं उत्तर आलं आणि तरी काम समोर दिसत नाही? बहुधा कमिट करायचं राहिलंय, किंवा तुम्ही भलत्याच ब्रँचवर आहात.

• पासवर्ड बरोबर असूनही नाकारतोय? गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. टोकन किंवा एसएसएच की लागते. टोकन असेल, तर त्याची मुदत संपली नाही ना, ते पाहा.

• ४०३ दिसतोय? म्हणजे लिहायची परवानगी नाही. लॅपटॉपमध्ये कॉलेजचं जुनं खातं सेव्ह झालेलं असलं तरी हे होतं. प्रोजेक्ट दुसऱ्याचाच असेल, तर फोर्क करा, त्यात बदल करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. हाच रिवाज आहे.

• १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही. ती डिलीट करून नवा कमिट केला तरी पुश अडतोच, कारण फाइल जुन्या कमिटमध्ये बसलेली असते. ती तिथूनच काढावी लागते.

• 'नॉन-फास्ट-फॉरवर्ड'? हीच आमची शुक्रवारची केस. आधी समोरचं घ्या, जुळवा, टेस्ट चालवा, मग पुश.

• फोर्स करावाच लागला, तर ब्रँच फक्त तुमची आहे ना, याची खात्री करा. तरीही साधा फोर्स नको, 'फोर्स विथ लीज' वापरा. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर मधल्या वेळात कुणी काही टाकलं असेल, तर तो अडतो.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाल अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

परवा भावाचा मेसेज आला. टीममध्ये त्याच्यानंतर एक मुलगी जॉइन झालीय. तिचा पुश अडला, तर तिने थेट यालाच फोन केला. "ताई, मी आधी काय विचारलं असेल?"

मला माहीत होतं. समोर काय आहे?