काळ्या गाडीवरचे ओरखडे: पॉलिश करण्याआधी हे वाचा

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात २००९पासून मर्सिडीज बनते. पण काळी मर्सिडीज पुण्यात काळीभोर ठेवणं हे वेगळंच काम! उन्हात बॉनेटवर बारीक वर्तुळं दिसतात ना? ती बहुतेकदा सोसायटीत रोज सकाळी धुळीवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्याची.

हे ओरखडे रंगात नसून वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. पॉलिशिंग म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तो थर घासून सपाट करणं. घासलेला थर परत येत नाही, म्हणून आधी रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजने जाडी मोजाच. नख अडकत असेल तर तिथे बहुधा रंगकामच लागेल.

गाडी धुऊन चिकटलेली घाण काढायला क्ले फिरवा, मग ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन घ्या. सुरुवात सौम्य पॉलिशने, छोट्याशा भागावर. भागलं नाही तरच जास्त घासणारं कंपाउंड. नंतर पॉलिशचं तेल पुसून टॉर्चखाली बघा, कारण ते तेल ओरखडे झाकतं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यात शेवटी.

आणि बोअरचं पाणी असेल तर सावलीतच धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपा. काळ्यावर क्षारांचे डाग लगेच उठून दिसतात.