बंदी घातलेलं आडनाव



मागच्या महिन्यात आम्ही गटाच्या खात्यासाठी सगळ्यांची कागदपत्रं गोळा करत होतो. एका ताईंच्या आधार कार्डावर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि पासबुकात त्याचंच चुकीचं स्पेलिंग. तीन खेपा झाल्या. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "आडनावात असतंय तरी काय एवढं?"

तेव्हा आम्ही सगळ्या हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर म्हणून आज एका आडनावाची गोष्ट सांगतो. ते आपल्याकडचं नाही, दूर स्कॉटलंडमधलं आहे. आडनाव आहे मॅकग्रेगर. एकेकाळी हे आडनाव लावणाऱ्याला मरणाची शिक्षा होती.

स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेला देश. त्याच्या डोंगराळ भागात पूर्वी गेलिक भाषा बोलत. त्या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे नाव मूळ ग्रीक भाषेतलं, त्याचा अर्थ जागा राहणारा, सावध. मुलीच्या नावाला गेलिकमध्ये 'मॅक' लागत नाही, 'निक' लागतं. 'निक' म्हणजे लेक. आणखी एक गोष्ट ऐका. जुन्या काळी स्कॉटलंडमधल्या बाया लग्न झाल्यावरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवत. थडग्याच्या दगडावरसुद्धा तेच कोरलेलं असे.

मॅकग्रेगर लोक ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे अशा खोऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. गुरं पाळत, जमीन कसत. पण जमिनीची राजाकडची सनद हळूहळू दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांत शेजारचं बलाढ्य कॅम्पबेल घराणं पुढे होतं. म्हणजे कसणारे एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. हे दुखणं काय असतं ते आपल्याला समजावून सांगायला नको. जमीन गेली तशी लूटमार, सूड, भांडणं वाढली.

या भांडणात एक बाई सापडली. मॅरियन कॅम्पबेल तिचं नाव. कॅम्पबेलांची लेक आणि मॅकग्रेगरांची सून. १५७० साली तिच्याच माहेरच्या घराण्यातल्या सरदाराने तिच्या नवऱ्याचा शिरच्छेद करवला. तेव्हा मांडीवरच्या बाळाला निजवताना तिने शोकाचं गाणं रचलं, असं तिकडे सांगतात. आपल्या आज्या जात्यावर बसून मनातलं दुःख ओवीत गायच्या, तसंच ते. स्कॉटलंडमध्ये ते अजून गातात.

पुढे फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन नावाच्या खोऱ्यात मॅकग्रेगर आणि कहून या घराण्यांची लढाई झाली. कहूनांची बरीच माणसं मारली गेली. राजा जेम्स चिडला. ३ एप्रिल १६०३ रोजी त्याच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे कोणी लावायचं नाही. प्रत्येकाने दुसरं आडनाव घ्यायचं, नाहीतर मरायचं. त्यानंतर दोनच दिवसांनी राजा इंग्लंडची गादी घ्यायला लंडनकडे निघाला. पुढच्या वर्षी जानेवारीत मॅकग्रेगरांच्या प्रमुखाला एडिंबरा शहरात फाशी दिली.

गुन्हा काहींचा होता, शिक्षा मात्र आडनाव लावणाऱ्या सगळ्यांना. पुढे नियम वाढतच गेले. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. जवळ हत्यार ठेवायचं नाही. ठेवायची तर जेवताना मांस कापायला टोक नसलेली सुरी. १६११ साली तर या लोकांच्या बायकांच्या तोंडावर किल्लीच्या आकाराचा डाग द्यावा, असा हुकूम निघाला. १६३३ च्या कायद्याने सांगितलं की धर्मगुरूने कुठल्याही मुलाचं नाव ग्रेगर ठेवायचं नाही, आणि लिहिणाऱ्याने त्या आडनावाने दस्त करायचा नाही.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. चारजणींच्या वर जमायला बंदी असती तर आपला एकही गट उभा राहिला नसता. आणि आपल्या नावाने दस्तच होत नसेल, तर जमीन, उधार, वारसा, कशावरच हक्क सांगता येत नाही.

मग या लोकांनी काय केलं? कोणी मरे, कोणी ड्रमंड, कोणी ग्रँट, तर कोणी चक्क कॅम्पबेल झालं. वरून नाव बदललं, पण आपण कोण ते घरात विसरले नाहीत. १६६१ मध्ये बंदी उठली. १६९३ मध्ये पुन्हा लागली. त्या काळात रॉब रॉय नावाचा गुरांचा व्यापारी होता, तिकडे फार प्रसिद्ध माणूस. त्याने आईचं आडनाव लावलं. आई होती मार्गारेट कॅम्पबेल. बापाचं नाव गुन्हा ठरलं, तेव्हा आईचं नाव कामाला आलं. तो १७३४ मध्ये वारला, तेव्हाही बंदी होतीच.

ती कायमची उठली १७७४ साली. म्हणजे मधली बत्तीस वर्षं सोडली, तर जवळजवळ एकशे चाळीस वर्षं हे नाव उघडपणे लावता आलं नाही. एवढ्या काळात चार-पाच पिढ्या होतात. तरीही नाव पुसलं गेलं नाही. बंदी उठल्यावर ८२६ जणांनी एका कागदावर सह्या करून आपला प्रमुख ठरवला. तो प्रमुख तेव्हा मरे आडनाव लावत होता. त्याच्या मुलाने १८२२ मध्ये राजाच्या परवानगीने मॅकग्रेगर आडनाव परत घेतलं.

तर ताई, आडनावात हे असतं. ते कागदावरून काढलं की माणसाचा हक्क काढता येतो, हे त्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे अशी बंदी नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असाही कायदा नाही. बदलायचं की ठेवायचं, ते आपण ठरवायचं. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लिहावं लागतं. पण एकदा ठरवलं की सगळ्या कागदांवर तेच, एकाच स्पेलिंगने असू द्या. सातबाऱ्यावर, पासबुकात, आधारवर.

पुढच्या बैठकीला येताना सगळ्याजणी आपापले कागद पिशवीत घालून आणा. एकत्र बसून नावं ताडून बघू.