ईशानंतरचा अर्धा तास

ईशाची नमाज झाली, भांडी घासून झाली, की घर शांत व्हायला हवे. आमच्याकडे मात्र तेव्हाच गोंगाट वाढायचा. बैठकीत टीव्ही, मुलाच्या हातात मोबाईल, माझ्यापुढे तपासायच्या वह्या. आणि कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या रस्त्यावरून रात्रीही धडधडत जाणाऱ्या गाड्या. अंथरुणावर पडले तरी डोके थांबत नसे.

मग मी मोबाईलवर तिलावत लावून ठेवू लागले. एके रात्री सासूबाई म्हणाल्या, “कुरआन चालू आहे आणि तुम्ही दोघे किराण्याचा हिशेब करताय?” मला लाज वाटली. सूरह आराफच्या 204व्या आयतीत कुरआनचे पठण होत असताना लक्ष देऊन ऐकण्याचा व शांत राहण्याचा आदेश आहे. तिलावत ही गप्पांमागची पार्श्वभूमी नव्हे.

पार्श्वभूमीचा मंद आवाज ही गोष्ट वेगळी. इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो 1975 मध्ये अपघातानंतर अंथरुणावर होते. खोलीत वाद्यसंगीत फारच हळू वाजत होते, ते पावसाच्या आवाजात मिसळले. त्यातून त्यांना लक्ष न मागणाऱ्या संगीताची कल्पना सुचली. पुढे त्यांचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम आला.

आपला इतिहास त्याहून जुना आहे. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरे यांनी 1488 मध्ये दारुश्शिफा पूर्ण केली. मध्ये कारंजे, वर घुमट, भोवती रुग्णांच्या खोल्या. तेथे मनोरुग्णांसाठी वादक येत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी यांनी नोंदवले आहे. आज तेथे संग्रहालय आहे.

वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पाऊस, वाहते पाणी, पाखरे यांचे आवाज मात्र कोणत्याही घरात चालतील. एकसारखा मंद आवाज अचानक येणारे हॉर्न आणि भुंकणे झाकतो, म्हणून मन दचकत नाही.

आमच्या घरचा नियम आता असा:

• आधी दहा मिनिटे तिलावत. टीव्ही बंद, सर्वांनी बसून ऐकायची.
• मग हवे तर पावसाचा आवाज, तोही इतका हळू की कुजबुज ऐकू यावी. शब्द असलेले काही नको.
• वीस मिनिटांचा टायमर लावून मोबाईल दूर ठेवायचा. मुलांच्या कानात इअरफोन नको.
• शेजाऱ्याचा हक्क विसरायचा नाही. वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे.

पैगंबर (सल्ल.) यांना ईशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे आवडत नसे, असे हदीसमध्ये येते. फजरला उठणे त्यामुळेच सोपे जाते. परवा मुलगा म्हणाला, “अम्मी, आज मोबाईल लावू नको.” बाहेर खरा पाऊस पडत होता, टिनाच्या छपरावर. आम्ही फक्त दिवा मालवला.