अंदाज आधी लिहावा

नागपूरच्या लकडगंजात अंदाजाचा निकाल ताबडतोब लागतो. सागवानाचा ओंडका आऱ्यासमोर येतो, मिस्त्री त्याभोवती एक चक्कर मारतो, टोकाच्या भेगा बघतो, कुऱ्हाडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकतो आणि सांगतो, "ताई, हा आतून पोकळ आहे. लांब फळी नाही निघत याची." आरा फिरतो आणि काही मिनिटांत तो खरा ठरतो, नाही तर खोटा. खोटा ठरला तर पुढच्या ओंडक्याला तो कान जरा जास्त वेळ लावतो. आमच्याकडचे जुने मिस्त्री कोणत्याही शाळेत न जाता एवढे तरबेज झाले, त्याचं कारण हेच. रोज पन्नास वेळा अंदाज करायचा आणि पन्नास वेळा त्याचं उत्तर डोळ्यांसमोर उघडून बघायचं.

माणसांच्या बाबतीत तसं होत नाही. हा आरा मी सासऱ्यांच्या मागे चालवायला घेतला, तेव्हा लाकडाचं मला काहीच कळत नव्हतं. ते शिकता आलं. गोलाईला चाराने भागायचं, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. चार फूट गोलाई आणि दहा फूट लांबी असेल तर दहा घनफूट. भूमितीने बघाल तर त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. वरचं सोडून द्यायचं, साल आणि चिराईतली तूट त्यातच धरलेली. पण एका अबोल पोऱ्याला गेटवरच्या मालाची जबाबदारी दिली, तर ते बरं केलं की वाईट, हे कळायला सहा महिने जातात. तोवर आपण नेमकं काय समजून ती दिली होती, हेच डोक्यातून गेलेलं असतं. मग पोऱ्या चांगला निघाला तर आपण म्हणतो, मला वाटलंच होतं. वाईट निघाला तरी म्हणतो, मला वाटलंच होतं.

हा माझ्या एकटीचा स्वभाव नाही. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा इस्रायलमधल्या बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, अमुक घडेल याची शक्यता किती? दौरा आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना म्हणाले, तुम्ही तेव्हा काय आकडा दिला होता तो आठवून सांगा. जे घडलं होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना मनापासून वाटत होतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. आठवणच निकालाकडे सरकली होती. हा अभ्यास १९७५मध्ये छापून आला.

म्हणून आत्मपरीक्षण म्हणजे दिवाबत्तीनंतर डोळे मिटून दिवस आठवणं, हे मला पटत नाही. ज्या आठवणीला तपासायचं, तिलाच साक्षीला उभं करण्यात काय अर्थ आहे? व्यवस्थापनावर आयुष्यभर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी १९९९च्या एका लेखात साधा उपाय सांगितला आहे. मोठा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा, नऊ ते बारा महिन्यांनी काढून बघा. आपल्याला काय जमतं आणि काय नाही, हे यातून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

मी हेच करते, फक्त लहान प्रमाणात. संध्याकाळी आरा बंद होतो, रोजमेळ जुळतो, मुनीमजी चष्मा पुसतात. त्यानंतर दहा मिनिटं माझी वही. आज कोणाला काय सांगितलं, शक्यतो त्याच शब्दांत. त्यातून काय होईल असं वाटतं. तारीख. भावना लिहायच्या नाहीत असं नाही, पण त्यांना एक ओळ पुरे. खाली अर्धं पान कोरं ठेवते, निकालासाठी. दर महिन्याला मागची पानं काढते, आणि खरी करमणूक तिथे असते.

आता हे दहा मिनिटं लिहिण्याचं खूळ खरंच उपयोगाचं आहे का? बंगळूरला विप्रोत नव्या भरतीच्या प्रशिक्षणात संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही जणांना दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं, आज काय शिकलो ते लिहायला दिली. उरलेले तेवढा वेळ कामच करत राहिले. शेवटच्या परीक्षेत लिहिणाऱ्यांना जवळपास २३ टक्के जास्त गुण पडले. मला हा आकडा आवडतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. परीक्षेत उत्तर ठरलेलं असतं. संक्रांतीनंतर दोन हमाल गावाहून परत का आले नाहीत, याचं उत्तर कोणाकडेच छापलेलं नसतं.

आणि "का" हा प्रश्न जपूनच विचारावा. तो असं का बोलला, मी अशी का वागले, याने रात्रीची झोप जाते आणि सकाळी हाती काही नसतं. तशा ओळीखाली मी आता लिहिते, "उद्या काय करणार?" टाशा युरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीही हेच सुचवलं आहे, का-पेक्षा काय विचारा.

चुकीनंतर "आता काय" असं विचारण्याचं मोठ्यात मोठं उदाहरण सेवाग्राममुळे आपण आपले मानतो, त्या गांधीजींचं. १९१९च्या एप्रिलमध्ये सत्याग्रहाला हिंसेचं वळण लागलं, तेव्हा त्यांनी नडियादला ती आपली हिमालयाएवढी चूक असल्याचं जाहीर सांगितलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी त्यातून काढलेलं अनुमान मात्र फारसं कोणी सांगत नाही. कायदा मनापासून पाळण्याची सवय नसलेल्यांना कायदेभंग करायला सांगितला, ही चूक. तेव्हा आधी अटी समजलेले स्वयंसेवक तयार केले पाहिजेत. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२०मध्ये, आमच्या नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. चार आण्यांचं सभासदत्व, भाषावार प्रांतिक समित्या, वर्षभर काम बघणारी कार्यकारिणी. पश्चात्तापाची भाषणं पुष्कळ होतात. त्याच्या पाठोपाठ शिकवणी आणि घटना येणं दुर्मीळ.

माझ्या वहीने मला शिकवलं ते याहून फार किरकोळ. मागची पानं चाळताना दिसलं की तीच चार-पाच नावं फिरून फिरून येतात. भांडणारे, उशिरा येणारे, आणि एक फार गोड बोलणारा. थप्पी लावणारा एक म्हातारा गडी कुठेच नव्हता. त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, म्हणून माझ्या लेखी तो कामावरच नव्हता जणू. दुसऱ्या दिवशी त्याच्यापाशी बसले. कोणत्या ट्रकमधला माल ओला येतो, हे त्याला पावसाळ्याआधीपासून माहीत होतं.

वहीचा एक धोकाही आहे. लिहिणारी मी, वाचणारी मी, न्याय देणारीही मीच. मालकाच्या वहीत मालक सहसा सुटतो. म्हणून अधूनमधून मिस्त्रीला एखादं पान वाचून दाखवते. एकदा शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, तुम्ही आमाले विचारून राहिल्या का सांगून राहिल्या?" तेव्हापासून "विचारलं" हे क्रियापद लिहिताना हात जरा अडखळतो.

सध्या एक पान उघडं आहे. बल्लारशाच्या लाकडाच्या लिलावाची खरेदी आजवर मीच बघत आले. यंदा ती तरुण सुपरवायझरला दिली. वहीत लिहिलं, पहिल्या खेपेला तो हावरेपणाने जास्त बोली लावेल, दुसऱ्या खेपेला घाबरेल, तिसऱ्यापासून जमेल. पहिली खेप झाली. त्याने बोलीच लावली नाही. दिवसभर डेपोत हिंडून थप्प्यांची छोटीशी नोंदवही करून आणली, भेगांच्या चित्रांसकट. म्हणाला, "ताई, यावेळी फक्त पाहून घेतलं." माझ्या तीनही अंदाजांत हे कुठे बसत नाही, आणि त्या महिन्याला माल कमी पडला तो पडलाच. नोंदवही मिस्त्रीने मागून घेतली आहे, अजून परत दिलेली नाही.