मोकळ्या जागेचा घोटाळा

मोडी लिपीतील एखादा जुना कागद तुम्ही पाहिला आहे काय? त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. माणसाला ते सरावाने जमते. संगणकाला मात्र संदर्भ कळत नाही. तो ठरलेल्या नियमाने शब्द तोडतो, आणि तो नियम भलत्या ठिकाणी लागू झाला की मोठा घोटाळा होतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात केली. आजची लिनक्स तिच्याच धर्तीवर बांधलेली आहे. या प्रणालीत आपण टंकलेली आज्ञा प्रथम 'शेल' नावाच्या प्रोग्रॅमकडे जाते. शेल म्हणजे आपल्यामधला व संगणकामधला दुभाषाच म्हणा ना. तो आज्ञेची ओळ मोकळ्या जागांवर तोडतो. पहिला तुकडा हे आज्ञेचे नाव, आणि उरलेले तुकडे ही त्या आज्ञेला पुरवलेली माहिती. या तुकड्यांना प्राचले म्हणतात.

आता समजा, शाळेसाठी कोणी सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आहे. जुन्या फाइली पुसण्याचे काम तो 'आरएम' या आज्ञेवर सोपवतो. फाइलचे नाव आहे 'निकाल दहावी'. प्रोग्रॅमच्या स्मृतीत हे नाव एका कप्प्यात अखंड ठेवलेले असते. पण सी भाषेतील 'सिस्टिम' या फंक्शनला एकच सलग ओळ द्यावी लागते. म्हणून प्रोग्रॅम तुकडे जोडून ओळ तयार करतो: आरएम निकाल दहावी. ही ओळ शेलच्या हाती पडते. मूळचा कप्पा त्याला दिसतच नाही! तो ओळ तोडतो आणि आरएमला दोन नावे देतो, 'निकाल' आणि 'दहावी'. त्या नावांच्या वेगळ्या फाइली असतील तर त्या नाहीशा होतात, आणि जी पुसायची होती ती जागच्या जागी राहते. आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही.

हे केवळ कल्पनेतले संकट नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या आयट्यून्स २.० या प्रोग्रॅमच्या स्थापनेसाठी लिहिलेल्या शेल-आज्ञांत डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायची राहिली होती. नावात मोकळी जागा असलेल्या काही संगणकांवरील माहिती त्यामुळे पुसली गेली, आणि कंपनीला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली.

अवतरणचिन्हांत घातलेला मजकूर शेल तोडत नाही, हे खरे. मग प्रोग्रॅमने प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घालावे की झाले! पण नावातच अवतरणचिन्ह असेल तर? शिवाय शेलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे 'येथे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू'. एखाद्या खोडसाळ माणसाने नाव विचारल्यावर नाव, अवतरणचिन्ह, अर्धविराम आणि पुढे स्वतःची आज्ञा असे लिहून दिले, तर आपला प्रोग्रॅम ती आज्ञाही निमूटपणे चालवील. संगणकावरील हल्ल्यांचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.

खरा उपाय युनिक्समध्ये पहिल्यापासून आहे, आणि माझ्या मते तो विद्यार्थ्यांना 'सिस्टिम'च्या आधी शिकवला पाहिजे. कप्पे मोडून ओळ करायची आणि शेलने ती पुन्हा तोडायची, हा द्राविडी प्राणायाम हवा कशाला? 'फोर्क'ने चालू प्रोग्रॅमची प्रत काढायची आणि 'एक्झेक' कुळातील फंक्शनने त्या प्रतीच्या जागी नवा प्रोग्रॅम आणायचा. एक्झेकला प्राचलांची यादी द्यावी लागते: पहिल्या कप्प्यात 'आरएम', दुसऱ्यात 'निकाल दहावी'. शेल मध्ये येतच नाही. प्रत्येक प्राचलाचा शेवट शून्य किमतीच्या बाइटने दाखवलेला असतो. युनिक्समधील फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि हा शून्य बाइट सोडून काहीही चालते, त्यामुळे कसलेही नाव या मार्गाने अखंड पोहोचते. (नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर आरएमला तो पर्याय वाटेल, म्हणून नावांच्या आधी दोन आडव्या रेघांचे एक प्राचल द्यावे. त्याचा अर्थ 'पर्याय संपले'.)

घरी लिनक्स असेल तर रिकाम्या फोल्डरमध्ये प्रयोग करा. 'टच' ही आज्ञा रिकामी फाइल तयार करते. टच निकाल दहावी अशी आज्ञा द्या (आज्ञेचे नाव अर्थातच रोमन अक्षरांत) आणि किती फाइली झाल्या ते मोजा. मग नाव अवतरणचिन्हांत घालून पाहा.

एक्झेकची यादी मात्र एकपदरी असते. कप्प्यात कप्पा ठेवता येत नाही. विद्यार्थ्याचे नाव, त्याचे विषय आणि प्रत्येक विषयाचे गुण अशी माहिती पाठवायची तर ती प्राचलांत कोंबू नये. ती 'जेसन'सारख्या ठरावीक मांडणीत लिहून दुसऱ्या प्रोग्रॅमच्या प्रमाणित आदानातून, म्हणजे एरवी कळफलकावरची अक्षरे ज्या वाटेने येतात त्या वाटेने, आत सोडावी. आतल्या अवतरणचिन्हांवर खूण करण्याचे नियम जेसनमध्ये ठरलेले आहेत, आणि ते पाळणारी तयार फंक्शने बहुतेक भाषांत मिळतात.