मिस्त्रीचा हात आणि इंजिनिअरची पदवी

उमरखेड हा कापसाचा आणि उसाचा मुलूख. हंगामात ट्रॉली, वखर, मोटारपंप यांच्या दुरुस्तीमुळे वेल्डिंग आणि लेथच्या दुकानांना उसंत नसते. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. मुलगा दहावी झाला की त्याला दुकानावर बसवायचे, हा जुना रिवाज. पण हुनर असलेला हाच मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला तर कुठवर जाईल, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

तो मांडण्यासाठी पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे सीओईपीचे उदाहरण घेऊ. १८५४ साली निघालेली ही संस्था २०२२ मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. तिच्या मेकॅनिकल शाखेतून १९६७ साली लीला पूनावाला पदवीधर झाल्या. देशातल्या पहिल्या महिला मेकॅनिकल इंजिनिअरांत त्यांची गणना होते. त्यांचे कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित म्हणून आलेले. पुढे दुधाची मलई वेगळी करणारी यंत्रे, उष्णता विनिमयाची साधने बनवणाऱ्या आल्फा लावल कंपनीच्या भारतातील प्रमुखपदापर्यंत त्या पोचल्या. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाचे फाउंडेशन गरजू मुलींना शिष्यवृत्ती देते. पुण्याबरोबरच आपल्या विदर्भात अमरावती आणि वर्धा येथेही त्याचे काम आहे.

याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ यानातून अवकाशात गेला. काम सुमारे आठ वर्षे चालले. जुनी तुकडी पास होऊन गेली की नवीने ते पुढे न्यायचे. उस्तादाकडून शागिर्दाकडे काम जाते, तसाच हा प्रकार.

कारागिरांना अधिक जवळची वाटेल ती बाहा स्पर्धा. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला होऊ लागली. विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यावर चालणारी एक आसनी गाडी स्वतः बनवायची. मूळ स्पर्धेत सर्व संघांचे इंजिन एकाच प्रकारचे, त्यामुळे खरी कसोटी सांगाड्याची. पाइप वाकवणे, सांधा पक्का जोडणे, वजन कमी राखणे यातच हार-जीत ठरते. शेवटी चार तासांची शर्यत. शिवाय गाडीचा खर्च कागदावर मांडून परीक्षकांसमोर तो पटवून द्यावा लागतो. गिऱ्हाइकाला अंदाजपत्रक देताना आपण रोज हेच करतो. वेल्डिंगचा सांधा कच्चा कुठे राहतो हे ज्याने वडिलांच्या दुकानात पाहिले आहे, तो मुलगा इथे मागे पडण्याचे कारण नाही. त्याला कमी पडते ते गणित आणि ड्रॉइंग, आणि ते शिकता येते.

पुण्यालाच जावे असे नाही. पुसदला १९८३ पासून बाबासाहेब नाईक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग कारागीर घराला सोयीचा. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

मुलींच्या बाबतीत तर खर्चाची सबब आता फारशी टिकत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा. पिंजारी, मोमीन, अत्तार, तांबोळी या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मात्र जात पडताळणी व नॉन-क्रीमीलेअरचे दाखले प्रवेशाच्या दिवसांत धावपळ करून मिळत नाहीत. त्यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच करून ठेवावेत.